एका जंतूसाठी चार औषधे

कुटुंब आणि आरोग्य

बेळगावच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. त्यांच्या यजमानांना बरीच वर्षे पोटात जळजळ होत असे. उपाशीपोटी दुखे आणि चार घास खाल्ले की उतार पडे. दुर्बिणीच्या तपासणीत ग्रहणीत, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात, व्रण आढळला आणि सोबत हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतूही सापडला. डॉक्टरांनी चौदा दिवसांचे औषध लिहून दिले : चार प्रकारच्या गोळ्या, त्याही दिवसातून चार वेळा. तोंड कडू झाले, अन्नावरची वासना गेली. परंतु पाचव्या दिवशी दुखणे थांबले आणि त्याबरोबर यजमानांनी गोळ्याही थांबविल्या. इकडे शेजारच्या बाईंच्या जावयांना काही वर्षांपूर्वी पुण्यात याच जंतूसाठी सातच दिवसांच्या पाकिटाने गुण आला होता. भगिनींचा प्रश्न सरळ आहे. एका जंतूसाठी चार औषधे कशाला? पुण्यात सात दिवसांत होणाऱ्या कामाला आमच्याकडे चौदा दिवस का लागावेत? आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेसाठी ठेवाव्यात काय?

या प्रश्नांची उत्तरे एकट्या डॉक्टरांच्या मर्जीत नसून गेल्या चार दशकांत निरनिराळ्या देशांत झालेल्या औषधांच्या चाचण्यांत आहेत. त्या चाचण्या कशा झाल्या हे समजले की चौदा दिवसांचा जाच थोडा सुसह्य होईल, असे वाटते.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोघा डॉक्टरांनी १९८२ साली हा जंतू प्रथम प्रयोगशाळेत वाढविला. ईस्टरच्या सुट्टीमुळे जंतू वाढविण्याच्या बशा नेहमीप्रमाणे दोन दिवसांनी टाकून न देता तशाच राहिल्या आणि त्यांत हा संथपणे वाढणारा जंतू दिसला, ही हकीकत बहुतेकांनी वाचलेली असते. मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतःच पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, हीही. त्या दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या कथा मनोवेधक आहेत खऱ्या. परंतु जंतू सापडला म्हणून रोगी बरा होत नाही. जंतू पोटातून घालवायचा कसा, हा प्रश्न त्यापुढे उभा राहिला आणि तो मूळ शोधाहून अधिक चिवट निघाला.

चिवट असण्याचे कारण जंतूच्या वस्तीत आहे. जठरातील आम्ल इतके तीव्र असते की बहुतेक जंतू त्यात तग धरीत नाहीत. हा जंतू मात्र मूत्रातही असणाऱ्या युरिया या द्रव्याचे विघटन करून अमोनिया तयार करतो आणि त्या अमोनियाचे कवच पांघरून आम्लातून वाट काढतो. मग तो जठराच्या अस्तरावरील बुळबुळीत थरात शिरून बसतो. रक्तातून येणारे औषध तेथवर अपुरे पोहोचते आणि तोंडावाटे येणारे औषध आम्लात दुबळे होते. शिवाय प्रतिजैविकांपैकी काही, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन, जंतू वाढत असताना, म्हणजे एकाचे दोन होत असतानाच त्याला मारू शकतात. भोवती आम्ल अधिक असले की जंतूची ही वाढ मंदावते आणि औषधाचा बाण लक्ष्यावर बसत नाही. आम्ल कमी करणारी गोळी प्रतिजैविकासोबत देतात ती केवळ जळजळ शमविण्यासाठी नव्हे. जंतूला त्याच्या सुस्तीतून बाहेर काढणे हेही तिचे काम होय.

दुसरे कारण संख्येचे आहे. जठरात जंतू कोट्यवधींच्या संख्येने असतात. समजा, एक कोटी जंतूंमागे एखादा जंतू उपजतच एका औषधाला दाद न देणारा निघाला. ते एकच औषध दिले तर बाकीचे मरतील, तो एक उरेल आणि काही आठवड्यांत त्याचेच वंशज सर्वत्र पसरतील. परंतु दोन निराळ्या जातींची औषधे एकाच वेळी दिली, तर दोन्हींना दाद न देणारा जंतू कोटीच्या कोटीपट संख्येत एखादाच सापडायचा. एवढे जंतू पोटात नसतातच. क्षयरोगावरील उपचारांतून आपल्या पिढ्यांना हे तत्त्व परिचित आहे. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने आरंभी गुण येई आणि पुढे जंतू त्याला जुमानीत नसत. १९५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये त्याला पॅस या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर चित्र पालटले. पोटातील या जंतूच्या बाबतीत डॉक्टरांना तोच धडा पुन्हा गिरवावा लागला.

पहिली मोठी कसोटी पर्थ येथेच झाली आणि तिचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. ग्रहणीव्रणाचे शंभर रोगी घेतले गेले. त्यांचे चार गट पाडले. काहींना त्या काळचे प्रसिद्ध आम्लशामक सिमेटिडीन, काहींना बिस्मथ या धातूचे संयुग. आणि या दोहोंच्या जोडीला कोणाला टिनिडॅझोल हे प्रतिजैविक, तर कोणाला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी. कोणाच्या वाट्याला काय आले हे ना रोग्याला ठाऊक, ना त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना. ही दुहेरी आंधळी पद्धत काहींना निष्ठुर वाटते. परंतु व्रणासारख्या आजारात, जेथे नुसत्या आशेनेही चार दिवस बरे वाटते, तेथे सत्य शोधण्याचा याहून प्रामाणिक मार्ग नाही.

निकाल डोळे उघडणारा होता. सिमेटिडीन घेतलेल्यांपैकी जवळजवळ सर्वांच्या पोटात जंतू होता तसाच राहिला. सोबत टिनिडॅझोल देऊनही फरक पडला नाही. एकट्या बिस्मथने शेकडा २७ जणांचा जंतू गेला. बिस्मथ आणि टिनिडॅझोल एकत्र दिले त्यांच्यापैकी मात्र शेकडा ७० जण जंतुमुक्त झाले. याहून महत्त्वाचा भाग पुढील वर्षभराचा. ज्यांचा जंतू राहिला त्यांच्यापैकी शेकडा ६१ जणांचे व्रण भरले खरे, पण पुढे वर्षभरात शेकडा ८४ जणांना ते पुन्हा झाले. ज्यांचा जंतू गेला त्यांच्यात व्रण भरण्याचे प्रमाण शेकडा ९२ आणि उलटण्याचे अवघे २१. ज्या दुखण्यापायी माणसे जन्मभर आम्लशामके घेत आणि कित्येकांना जठराचा भाग कापून घ्यावा लागे, ते दुखणे काही आठवड्यांच्या उपचाराने मुळातून जाऊ शकते, हे या आकड्यांनी प्रथमच ठसठशीतपणे दाखविले.

तरीही शंकेखोर डॉक्टरांचे समाधान झाले नव्हते. बिस्मथ स्वतःच व्रणावर लेप देतो. मग गुण जंतू गेल्याचा की लेपाचा? या आक्षेपाला १९९३ साली व्हिएन्नाहून उत्तर आले. तेथील चाचणीत बिस्मथला मुळी हातच लावला नव्हता. वारंवार व्रण होणाऱ्या १०४ रोग्यांना रॅनिटिडीन हे आम्लशामक दिले. निम्म्यांना त्याबरोबर अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल, निम्म्यांना पोकळ गोळ्या. प्रतिजैविके मिळालेल्यांपैकी शेकडा ८९ जणांचा जंतू गेला; दुसऱ्या गटात शेकडा दोन जणांचा. वर्षभरात व्रण उलटला तो पहिल्या गटात शेकडा आठ जणांचा, दुसऱ्यात शेकडा ८६ जणांचा. यानंतर वादाला फारशी जागा उरली नाही. पुढच्याच वर्षी, १९९४ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या कारणांमध्ये केली. त्यामुळे त्याचा नायनाट हा पोटदुखीपुरता विषय राहिला नाही.

आता शोध सुरू झाला तो उत्तम मिश्रणाचा. सिडनीच्या टॉम बोरोडी यांनी बिस्मथ, मेट्रोनिडॅझोल आणि टेट्रासायक्लिन अशी तिहेरी योजना १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणली. ती प्रभावी होती. परंतु दिवसभर गोळ्यांची मोजदाद करीत बसणे रोग्यांना जड जाई. १९९६ साली युरोप व कॅनडातील ७८७ रोग्यांवरील मोठ्या चाचणीत सुटसुटीत पर्याय पुढे आला. ओमेप्राझोलसोबत दोन प्रतिजैविके, दिवसातून दोनदा, अवघे सात दिवस. अनेक मिश्रणे एकमेकांशी ताडून पाहिली. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांच्या जोडीने शेकडा ९६ जणांचा जंतू गेला, अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल यांच्या जोडीने ७९ जणांचा, तर एकट्या ओमेप्राझोलने शंभरात एकाचा. त्या एकावरून हेही कळते की हा जंतू आपणहून जात नाही. शेजारच्या जावयांचे सात दिवसांचे पाकीट ते बहुधा याच घराण्यातले.

मग ते पाकीट आता का चालत नाही?

चालते, पण सर्वत्र सारखे नाही आणि पूर्वीइतके तर नाहीच. २०११ साली युरोपातील सात देशांत ४४० रोग्यांवर झालेल्या चाचणीत हेच ओमेप्राझोल, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिनचे सात दिवसांचे त्रिकूट फक्त शेकडा ५५ जणांत यशस्वी झाले. त्याच्याशी तुलना केलेले बिस्मथयुक्त चार औषधांचे मिश्रण शेकडा ८० जणांत यशस्वी ठरले. (चार औषधांच्या गटाला दहा दिवस दिले होते, तेव्हा तुलना काटेकोरपणे समसमान नव्हती, पण पंचवीस टक्क्यांचे अंतर केवळ तीन दिवसांनी पडत नाही, असे आम्हांस वाटते.) ९६ वरून ५५ ही घसरण औषध बिघडल्यामुळे झाली नाही. मधल्या पंधरा वर्षांत क्लॅरिथ्रोमायसिन आणि त्याची भावंडे खोकला, घसा, कान अशा शंभर कारणांसाठी सढळ हाताने वापरली गेली. पोटात निमूटपणे राहणाऱ्या या जंतूला त्या औषधांची ओळख न मागता होत गेली. जेथे असा वापर अधिक, तेथे जंतू अधिक निर्ढावलेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ज्या निर्ढावलेल्या जंतूंसाठी नवी औषधे तातडीने हवीत त्यांची यादी केली, तीत क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या या जंतूचा समावेश होता.

या चाचण्यांतील सर्वांत मोलाची शिकवण आम्हांस हीच वाटते, की या रोगावर जगभर चालणारे एकच रामबाण मिश्रण नाही. इटलीत डॉक्टरांनी एक कल्पक योजना काढली होती. पहिले पाच दिवस अमॉक्सिसिलिन, पुढचे पाच दिवस क्लॅरिथ्रोमायसिन व टिनिडॅझोल. आम्लशामक दहाही दिवस. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत हिला शेकडा ८९ यश मिळाले, तर जुन्या तिहेरी औषधाला ७७. जगभर गाजावाजा झाला. पुढे लॅटिन अमेरिकेतील सहा देशांत १,४६३ लोकांवर याच धर्तीची योजना पडताळून पाहिली तेव्हा २०११ साली उलटेच दिसले. तेथे चौदा दिवसांचे जुने तिहेरी औषध शेकडा ८२ जणांत यशस्वी झाले, दहा दिवसांची ही नवी योजना शेकडा ७६ ते ७७ जणांत आणि चारही औषधे एकत्र देण्याची पाच दिवसांची योजना शेकडा ७४ जणांत. इटलीतील डॉक्टर खोटे बोलले नव्हते आणि लॅटिन अमेरिकेतील डॉक्टरही चुकले नव्हते. दोन्हीकडच्या लोकांनी आयुष्यभरात खाल्लेली औषधे निराळी आणि म्हणून त्यांच्या पोटातील जंतूही निराळे.

आपल्याकडे काय? भारतात जुलाब, आव, पोट बिघडणे अशा तक्रारींवर मेट्रोनिडॅझोलची गोळी घरोघरी घेतली जाते. दुकानदाराला नुसते लक्षण सांगितले तरी पुष्कळदा ती हातात पडते. त्याचा परिणाम म्हणून आपल्याकडील पुष्कळ रोग्यांचा जंतू या औषधाला दाद देत नाही. येथे बिस्मथची आणि दिवसांची महती कळते. मेट्रोनिडॅझोलचा प्रतिरोध भरपूर मात्रा, चौदा दिवसांचा काळ आणि बिस्मथची साथ यांनी बऱ्याच अंशी मोडून काढता येतो. क्लॅरिथ्रोमायसिनचा प्रतिरोध असा मोडता येत नाही. टेट्रासायक्लिन व अमॉक्सिसिलिन यांना दाद न देणारे जंतू जगात बहुतेक ठिकाणी त्यामानाने कमी आहेत. म्हणूनच आम्लशामक, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल हे चार औषधांचे जुनेच, सिडनीच्या वळणाचे मिश्रण चौदा दिवस देण्याची शिफारस युरोपीय तज्ज्ञांनी २०२२ मध्ये आणि अमेरिकी तज्ज्ञांनी २०२४ मध्ये केली. युरोपीयांनी ती विशेषतः जेथे स्थानिक प्रतिरोध अधिक आहे किंवा तो किती हे ठाऊक नाही अशा ठिकाणांसाठी केली. तीस वर्षांपूर्वी गैरसोयीचे म्हणून बाजूला सारलेले औषध पुन्हा मानाने परत आले. बेळगावच्या डॉक्टरांनी दिले ते याच शिफारशीला धरून आहे.

आता यजमानांविषयी. चाचण्यांत हिशेब मांडण्याच्या दोन रीती असतात. ज्यांनी औषध पूर्ण घेतले तेवढेच धरून काढलेले यश नेहमी अधिक भरते. दुसरी रीत अशी की पहिल्या दिवशी ज्याच्या नावे औषध लिहिले तो मध्येच थांबला, गावाला गेला, उलट्या झाल्या म्हणून सोडून बसला, तरी त्याची नोंद हिशेबात राहते आणि शेवटी तो जंतुमुक्त असल्याचे दिसले नाही तर ती अपयशातच जाते. जाणते संशोधक दुसरी रीत पुढे ठेवतात, कारण माणसाला गिळवत नाही असे औषध कितीही जहाल असले तरी संसारात उपयोगाचे नाही. यजमानांना दोष देण्यात अर्थ नाही. मेट्रोनिडॅझोलने तोंड कडू होते, बिस्मथने जीभ आणि शौच काळे होते, मळमळते. हे आरंभी कोणी नीट सांगितले असते तर ते कदाचित पाचव्या दिवशी थांबले नसते. परंतु दुखणे थांबले म्हणजे जंतू गेला, ही समजूत मात्र खरी नव्हे. आम्ल कमी होताच दुखणे थांबते. पाच दिवसांत मेले ते दुबळे जंतू. उरलेले तेच, ज्यांना औषध सोसले. म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेसाठी ठेवू नयेत आणि तेच औषध आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नये. डॉक्टरांना पाच दिवसांची हकीकत न लपवता सांगावी. पुढील योजना ठरविताना आधी कोणते प्रतिजैविक किती दिवस घेतले होते, ही माहिती त्यांना फार उपयोगी पडते. केवळ याच दुखण्यासाठी घेतलेली नव्हे, तर खोकल्यासाठी, दातासाठी घेतलेलीही. घरातील जुन्या चिठ्ठ्या एका पाकिटात जपून ठेवणाऱ्या गृहिणीचे या बाबतीत डॉक्टर आभारच मानतील.

चौदा दिवसांच्या काळात काही पथ्ये आहेत. टेट्रासायक्लिन दुधासोबत किंवा आम्लपित्ताच्या चुन्यासारख्या गोळ्यांसोबत घेऊ नये. त्याने औषध पोटात बांधले जाते. गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. मेट्रोनिडॅझोल चालू असताना व नंतरचे तीन दिवस मद्य वर्ज्य. बिस्मथने शौच काळे होते ते निरुपद्रवी. परंतु औषध नसताना शौच डांबरासारखे काळे व चिकट होऊ लागले, किंवा चक्कर आली, तर तो रक्तस्राव असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हा जंतू प्रौढ भारतीयांपैकी निम्म्याहून अधिकांच्या पोटात असतो आणि त्यांतील बहुतेकांना त्याची खबरही नसते. तेव्हा सासरेबुवांना सापडला म्हणून घरातील सर्वांनी चौदा दिवसांच्या गोळ्या गिळाव्यात असे नाही. व्रण झालेला असेल, पूर्वी पोटात रक्तस्राव झाला असेल, घराण्यात जठराचा कर्करोग असेल, किंवा हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन दीर्घकाळ घ्यावी लागणार असेल, तर जंतू शोधण्याचा आणि घालविण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा.

उरला प्रश्न जंतू खरोखर गेला की नाही हे कळण्याचा. आरंभीच्या चाचण्यांत याच ठिकाणी पुष्कळ जण फसले. औषध संपताच तपासले तर जंतू दिसत नसे. महिन्याभराने तो पुन्हा हजर. तो मेला नव्हता, दबला होता. म्हणून तपासणी औषध संपल्यानंतर निदान चार आठवड्यांनी करावी, असा दंडक पुढे पडला. त्यासाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागतेच असे नाही. खास युरिया पाण्यातून प्यायला देतात. जंतू शिल्लक असेल तर तो त्याचे विघटन करतो आणि त्यातून निघालेला विशिष्ट कर्बवायू श्वासात सापडतो. शौचाच्या नमुन्यातूनही जंतूचे अंश ओळखता येतात. या दोन्ही तपासण्यांपूर्वी ओमेप्राझोलसारखी आम्लशामके दोन आठवडे, आणि प्रतिजैविके व बिस्मथ चार आठवडे बंद असावीत, नाहीतर जंतू असूनही तो नाही असा निर्वाळा मिळतो. आम्लशामके थांबविण्यापूर्वी अर्थातच डॉक्टरांना विचारावे. रक्ताची तपासणी स्वस्त आणि सोपी म्हणून प्रयोगशाळा ती सुचवितात. परंतु जंतू गेल्यानंतरही रक्तातील त्याच्या खुणा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे औषधाला यश आले की नाही हे त्या कागदावरून कळत नाही.